माशाच्या पोटातला उजेड

"अजून एक दाता! ओढ की, तेप्पेइ! जेवून आलायस ना?"

"तूच ओढ! चाक तुमच्या बेटाचं आहे. आमच्या शहरात असली कामं यंत्रं करतात."

"आणि मुलं काय करतात? यंत्रांकडे बघत बसतात?"

रोकु खदखदून हसला, आणि त्याच क्षणी छपराला लटकलेला एकुलता एक दिवा फट्कन गेला.

दोरघर चाळीस पावलं लांब होतं आणि त्याला एकही खिडकी नव्हती. नागुरा बेटाची रीतच तशी होती. ओढाओढीच्या सणाचा दोर एकदा वळून झाला की सणाच्या दुपारपर्यंत त्याला ऊन दिसू द्यायचं नाही. दोर म्हणजे समुद्रातून आलेला साप. तो वेळेआधी जागा झाला तर वर्षभर समुद्र खवळलेला राहतो, असं बेटावरची माणसं मानत. बाहेर मे महिन्याची लख्ख दुपार होती, शाळांना सलग सुट्ट्या लागल्या होत्या, धक्क्यावर तारांवर स्क्विड मासे वाळत होते. आणि आत, मातीच्या जाड भिंतींआड, विहिरीवर झाकण ओढावं तसा काळोख.

"कुणी हलू नका," चिझुरू म्हणाली. ती बारा वर्षांची होती, दोर वळणाऱ्यांचे प्रमुख गेन्जुरो यांची नात. रोकु तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ, आणि तेरा वर्षांचा तेप्पेइ तिचा आतेभाऊ. तो सुट्टीसाठी कालच्या फेरीबोटीनं आला होता. उद्या दोर सैल पडू नये म्हणून दर तासाला चाक तीन दाते फिरवून तो ताणायचा, एवढंच काम आजोबांनी तिघांवर सोपवलं होतं.

"मी कुठे हलतोय?" तेप्पेइ पुटपुटला. "माझे पाय हलतायत."

त्याचा तोल जाऊन भार चाकावर पडला. कर्रर करून चाक एक दाता पुढे सरकलं, दोर कण्हल्यासारखा आवाज करून ताणला गेला, आणि त्याच्या ऐन मध्यावर, पेंढ्याच्या पेडांमधल्या फटीत, निळसर हिरवी रेघ उघडली. वीतभर धावली आणि विझली.

 

"ताई," रोकुचा आवाज अगदी बारीक झाला होता, "सापानं डोळा उघडला."

मग मात्र तिघं धावले! दाराशी तिघं एकदम अडकले, एकमेकांवर पडले आणि बाहेरच्या उन्हात धापा टाकत बसले.

"मी घाबरलो नाही हं," तेप्पेइ म्हणाला. "मी फक्त आधी बाहेर आलो."

"माझ्या डोक्यावर पाय देऊन!"

"काजवा असेल."

"पेंढ्याच्या आत? ओळीत धावणारा?"

चिझुरूला हसू आलं नाही. ती रोकुकडे बघत होती. सणाच्या दिवशी शाळेतल्या सर्वांत लहान मुलाला दोराच्या मध्यावर बसवायचं आणि मग दोन्ही बाजूंनी ओढायचं, ही बेटाची रीत. यंदा सर्वांत लहान होता रोकु. उद्या बारा वाजता तो बरोबर त्या डोळ्यावर बसणार होता.

 ती उठली, खिशातून खडू काढला, आणि म्हणाली, "मी परत आत जातेय."

"वेडी आहेस का?"

"तू दार लावून घे. उजेड आत आला तर काही दिसणार नाही."

तेप्पेइनं दार आतून लावलं, म्हणजे तोही आतच राहिला. रोकुनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला चिझुरूनं वीस आकडे मोजले. मग तेप्पेइनं चाक एक दाता फिरवलं.

रेघ उघडली. चिझुरूनं तिथे खडूची खूण केली. आणखी एक दाता. रेघ खुणेच्या पलीकडे उघडली. आणखी एक. आणखी थोडी पलीकडे. जिथे एकदा उजेड फुटला होता तिथे तो पुन्हा फुटत नव्हता. जुन्या कापडाची शिवण जाते तसा तो टाक्याटाक्यानं पुढे सरकत होता.

"तेप्पेइ, हा डोळा नाही," ती हळूच म्हणाली. "काहीतरी उसवतंय."

तिनं फटीत बोटं घातली. आत कोरडा, खरखरीत पेंढा लागायला हवा होता. बोटांना लागलं ते गुळगुळीत आणि थंड होतं. तेप्पेइनं फोनचा दिवा लावला. पेंढ्याच्या पोटात मनगटाएवढा जाड पांढरा नायलॉनचा दोर होता, जहाज धक्क्याला बांधतात तसला. त्यावर काचेसारखा पातळ लेप होता. एकही धागा तुटलेला दिसत नव्हता. मात्र एका जागी तारेचा तुकडा लोंबत होता आणि त्यात लाल कागदाचा कोपरा अडकला होता. उरलेला कागद कुणीतरी कात्रीनं कापून टाकला होता.

"पण आपला दोर नुसत्या पेंढ्याचा असतो!" चिझुरू म्हणाली. "आजोबांच्या आजोबांपासून!"

तेप्पेइ त्या लेपाकडे बघत राहिला होता. फोनच्या दिव्यात त्याचा चेहरा खडूसारखा दिसत होता.

"हा लेप मी पाहिलाय," तो म्हणाला. "आईच्या प्रयोगशाळेत."

तेप्पेइची आई म्हणजे चिझुरूची काझुए आत्या, गेन्जुरो आजोबांची लेक. शिकायला म्हणून तिनं बेट सोडलं, त्याला वीस वर्षं झाली होती; आणि बाप-लेकीत नववर्षाच्या पत्रापलीकडे फारसं बोलणं उरलं नव्हतं. तेप्पेइनं फोन लावला. आत्या आधी हसत होती. मग हसायची थांबली.

"दोराला तारेनं बांधलेली लाल चिठ्ठी आहे का रे?"

"कापलीय कुणीतरी. नुसता कोपरा उरलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"नीट ऐका," आत्या म्हणाली. "तो तुमच्याच फेरीचा जुना दोर आहे. आम्ही तपासायला आणून त्यावर हा लेप दिला होता. लेप पॉलिमरचा आहे; पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, बरं का. त्या लेपातल्या साखळ्यांमध्ये आम्ही एक नाजूक दुवा घातलाय. साखळी ताणून तुटली की तो दुवा तुटतो, आणि तुटताना उजेड देतो. एकदाच. दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून मरत असतो, ते माणसाला कळावं म्हणून. हा आम्ही यंत्रावर पार संपेपर्यंत ओढला होता. मोडीत काढा, असं चिठ्ठीवर लिहून परत पाठवला होता!"

"आणि तो तुटला तर?" चिझुरूनं विचारलं.

"पेंढा तुटला तर तो पडतो. नायलॉन पडत नाही, चिझुरू. ताणलेला सगळा जोर घेऊन तो चाबकासारखा उलटा येतो. वाटेत जे असेल त्याला..." आत्यानं वाक्य सोडून दिलं. "बाबांना फोन दे. आत्ता."

गेन्जुरो आजोबा दोरघराकडेच येत होते. हातात खळीची वाटी आणि कागदाची लांब पट्टी. दार बंद करून त्यावर ही पट्टी चिकटवली की उद्या दुपारपर्यंत आत कुणी जायचं नाही. त्यांनी फोन अनोळखी मासा धरावा तसा धरला. बराच वेळ ऐकलं. त्यांच्या कपाळावरची शीर हलत होती.

"काझुए," शेवटी ते म्हणाले, "आमचा दोर पेंढ्याचा आहे." आणि त्यांनी फोन परत दिला.

 आजोबांना खोटं बोलताना चिझुरूनं कधी ऐकलं नव्हतं. अंधारातल्या त्या रेघेपेक्षा हे भयंकर होतं. कारण रेघ कशाची होती ते आता कळलं होतं.

"आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "मी आत हात घालून पाहिलं."

"वळलेल्या दोरात हात घातलास?"

ते ओरडले नाहीत, हेच वाईट होतं. ते पायरीवर बसले आणि खळीच्या वाटीकडे बघत बोलू लागले. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा पेंढा वळायला ऐंशी माणसं बसायची. यंदा किती होतो, ठाऊक आहे? अकरा. अकराही म्हातारे. नुसत्या पेंढ्याचा एवढा दोर आमच्यानं झाला नसता. गोदामवाल्या उशिजिमानं हा दाखवला. कोरा करकरीत! जो जहाज धरून ठेवतो तो माणसांना धरणार नाही?"

"पण ती चिठ्ठी—"

"मोजमापाची कसलीशी होती, म्हणाला." ते उठले. "बाकीचे झोपले असताना आम्ही दोघांनी तो पोटात घातला; हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. आता तुम्हालाही. गावाला कळलं, तर गेन्जुरोला दोर वळता येईना, असं होईल. बोलू नका."

"आजोबा, आत उजेड दिसतो! हे पाहा, मी फोटो काढलाय!" तेप्पेइनं फोन पुढे केला.

फोटो संपूर्ण काळा होता.

"छान आलाय," आजोबा कोरडेपणानं म्हणाले, आणि त्यांनी दारावर पट्टी चिकटवली.

दिवस कलताना तिघं धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसले. समुद्र शिशासारखा दिसत होता.

"आई उद्याच्या फेरीनं येतेय," तेप्पेइ म्हणाला. "पण फेरी एकला लागते आणि ओढाओढी बाराला. गावभर ओरडून सांगूया!"

"मग आजोबा सगळ्यांसमोर खोटे ठरतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

दोघांनीही रोकुकडे बघायचं टाळलं.

"रोकु," चिझुरू म्हणाली, "तू उद्या पोटात दुखतंय म्हण."

रोकुनं विचार केला.  "मी नाही बसलो तर ते शेजारच्या उमेकोच्या भावाला बसवतील. तो तर माझ्याहून घाबरट आहे."

 वाऱ्याची झुळूक आली आणि घराघरांवरच्या काठ्यांवर मुलांच्या सणासाठी चढवलेले कापडी कार्प मासे फुगून पोहू लागले. रोकुचा काळा कार्प सगळ्यांत मोठा, चांगला तीन माणसांएवढा लांब, त्याच्याखाली लाल. त्याचं गोल तोंड वाऱ्यासाठी उघडं होतं.

चिझुरू त्या तोंडाकडे बघतच राहिली.

"तेप्पेइ," ती म्हणाली, "काळ्यात लाल घातला, तर माशाच्या पोटात किती अंधार होईल?"

"का?"

"त्यात एका वेळी एकाच माणसाचं डोकं मावतं!"

उमजायला तेप्पेइला क्षणभर लागलं. मग तो एवढ्या जोरात उठला की त्याची चप्पल समुद्रात पडली.

माशांचं पोट उसवायचं काम दिवेलागणीपर्यंत चाललं.

"माझ्या माशाचं पोट!" रोकु कळवळला.

"परत शिवून देईन."

"जेवढे टाके होते तेवढे?"

"मोजून!"

दुसऱ्या दिवशी बाराला दहा मिनिटं असताना दोरघराचं दार उघडलं. साठ माणसांनी दोर खांद्यांवर उचलून धक्क्याच्या वाटेवर आणला, कमरेच्या उंचीएवढ्या लाकडी घोड्यांवर ठेवला. ढोल घुमू लागले. चिझुरूनं आणि तेप्पेइनं दोराच्या मध्यावर काळा मासा पांघरला, पोटाच्या कडा खाली चिमट्यांनी जोडल्या.

"मुलांचा सण आहे ना, आजोबा! रोकु माशावर बसेल!"

"वा! कार्पवर बसलेला वीर!" गोदामवाला उशिजिमा टाळ्या वाजवत ओरडला. सगळे हसले. आजोबांनाही हसावं लागलं. पण चिझुरूच्या डोळ्यांना त्यांनी डोळे भिडवले नाहीत.

रोकुला उचलून वर बसवलं. 

पहिली ओढ नेहमी हलकी असते. तिला साप जागवणं म्हणतात. दोन्ही बाजूंना फक्त वडीलधारी माणसं धरतात आणि सावकाश जोर लावतात. त्यानंतर सगळं गाव. म्हणजे चिझुरूपाशी होती ती फक्त ही हलकी ओढ.

"हेइऽऽ सा!"

दोर ताणला. चिझुरू माशाच्या तोंडातून आत शिरली. अंधार. घामाचा, पेंढ्याचा, जुन्या कापडाचा वास. एक, दोन, तीन... आणि रेघा उघडल्या. एक नाही, कितीतरी! पावसाळी काचेवरून थेंब ओघळावेत तशा त्या धावत होत्या, विझत होत्या, पुढच्या पेटत होत्या. आणि वर, हातभर अंतरावर, कापडापलीकडे रोकु बसला होता.

ती बाहेर आली. आजोबा चार पावलांवर उभे होते, हात वर करून, पुढची हाळी द्यायच्या बेतात. ढोलांच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. तेव्हा तिनं ते केलं जे नागुरा बेटावर कुणीही करत नाही. जाग्या होणाऱ्या दोराला पाय लावायचा नसतो. तिनं त्यावर पाय दिला आणि ती त्यावर चढून उभी राहिली.

ढोल थांबले.

"गेन्जुरोची नात!" कुणीतरी म्हणालं. "दोरावर!"

आजोबा पांढरे पडले, मग लाल झाले. दोन ढांगांत त्यांनी तिला गाठलं, दंडाला धरून खाली ओढलं. "तुला लाज—"

"तुम्हीच बघा," तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती कुजबुजतच बोलत होती, फक्त त्यांच्यासाठी. "आत फक्त तुम्ही. दुसऱ्या कुणालाच दिसणार नाही. तुम्ही अंधाऱ्या समुद्रात बोट चालवली आहे ना? वीस मोजा, आजोबा. वीसच."

दोन्ही बाजूंची म्हातारी माणसं दोर ताणून उभीच होती. हाळीशिवाय सोडायचा नाही, ही रीत. गेन्जुरोनं नातीकडे पाहिलं. माशावर बसलेल्या नातवाकडे पाहिलं. आणि शिवी द्यावी तसा एक श्वास सोडून त्यांनी माशाच्या तोंडात डोकं घातलं.

चिझुरू मोजू लागली. सात. आठ. उशिजिमा हसत म्हणाला, "म्हातारा माशाला गुपित सांगतोय की काय?" बारा. तेरा. तेप्पेइनं दोन्ही हात पुढे करून रोकुला झेलायची तयारी ठेवली होती. सतरा.

माशाच्या आतून आवाज आला. हाळीचा नव्हता तो. जाळ्यात स्वतःचं माणूस अडकलेलं पाहिल्यावर कोळ्याच्या तोंडून निघतो, तसला होता.

आजोबांनी डोकं बाहेर काढलं, एका हातानं रोकुला उचलून छातीशी धरलं आणि दुसरा हात आडवा पसरला.

"सावकाश!" ते गरजले. "कुणीही एकदम सोडू नका! पाऊल पाऊल पुढे या! ठेवा... खाली ठेवा... आता लांब व्हा! सगळे लांब!"

दोर जमिनीवर निजला.  चिझुरूला वाटलं, आता ते काहीतरी कारण सांगतील. ऊन, वारा, समुद्राचा कोप. आजोबांनी डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं.

"या दोराच्या पोटात नायलॉन आहे," ते म्हणाले. "मी घातलाय. तुमच्यापासून लपवून. आणि तो मेलेला आहे. मला दिसलं नाही. या पोरांना दिसलं."

एकला फेरी लागली तेव्हा काझुए आत्या फळीवरून धावतच उतरली. सगळं गाव समुद्राच्या भिंतीआड बसलं होतं, ओकच्या पानात गुंडाळलेले तांदळाचे गोड मोची खात, हळू आवाजात बोलत. तिनं आधी मुलं मोजली. मग ती वडिलांसमोर उभी राहिली. 

"सगळ्यांना एकदा दिसायला हवं, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी दुसरी चिठ्ठी कापेल."

उशिजिमानं मान खाली घातली.

दोराचं एक टोक धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला बांधलं, दुसरं बोटी ओढायच्या यंत्राला. मध्यापाशी जमिनीवर, रोकुच्या जागी, साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, भरलेलं पिंप ठेवलं. आत्यानं सगळ्यांना भिंतीआड नीट वाकायला लावलं आणि लांब तारेवरचं बटण दाबलं. दोर वर उचलला गेला. ताणला. सत्तर माणसांचा जोरही अजून झाला नव्हता—

फटाका नव्हे, बंदूक नव्हे; हवाच फाडल्यासारखा आवाज झाला! भिंतीवरून पेंढा उडाला. डोकी वर काढली तेव्हा पिंपाच्या जागी ओली जमीन होती आणि फळ्या समुद्रात तरंगत होत्या.

 एक बाई रडू लागली. मग तेप्पेइ म्हणाला, "मोठी माणसं साकेसाठी रडतायत ना?" आणि ती बाई रडता रडता हसली, आणि तिच्यापाठोपाठ सगळे.

गेन्जुरो आजोबा तिघांसमोर आले आणि कमरेत खोल वाकले, गावच्या देवापुढे वाकतात तेवढे. त्यांच्या मागे उशिजिमा वाकला. मग एकेक करून सगळं गाव.

"उठा ना, आजोबा," चिझुरू घाबरून म्हणाली. आजच्या दिवसात तिला याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

"मी पन्नास वर्षं दोर वळतोय," आजोबा म्हणाले. "दोर काय म्हणतो ते ऐकायला मला तुझे कान लागले. आता माझ्या शेजारी बसून वळशील?"

"आम्हीही?" रोकुनं विचारलं.

"सगळे! फेरीनं आलेले पाहुणेसुद्धा. काझुए, हातांना आठवतंय की विसरले?"

"विसरले असतील," आत्या म्हणाली, आणि तिनं बाह्या सरसावल्या.

जुना पेंढा सोडवून, नवा मिसळून, त्या दुपारी आणि दुसऱ्या पहाटे एकशे चार माणसांनी नवा दोर वळला. तो आखूड होता, बारीक होता, जागोजाग वाकडा होता. तेप्पेइनं वळलेला हातभर तुकडा तर अजगरानं बकरी गिळल्यासारखा दिसत होता. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बारा वाजता तो धक्क्याच्या वाटेवर आला. मध्यावर काळा मासा पांघरला गेला, आणि त्यावर रोकु चढून बसला.

साप जागवायची ओढ लागली. आजोबांनी हाळी दिली नाही. त्यांनी चिझुरूकडे पाहिलं आणि माशाच्या तोंडाकडे बोट केलं.

ती आत शिरली. पेंढा करकरत होता, माणसांसारखा, तक्रार करत आणि धरून ठेवत. तिनं वीस आकडे मोजले. मग, खात्री व्हावी म्हणून, आणखी वीस. समोर काहीही उघडलं नाही, धावलं नाही, विझलं नाही. दोन दिवसांपूर्वी ज्या अंधारातून ती जिवाच्या आकांतानं पळाली होती, तोच हा अंधार. आणि तिला त्यातून बाहेर येऊच नये असं वाटलं.

"काय दिसतंय?" बाहेरून आजोबांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा!" ती ओरडली. "नुसता अंधार आहे!"

"मग ओढा!" गेन्जुरो गरजले, आणि सगळं बेट ओढू लागलं.